उपचाराचा हेतू

९ नोव्हेंबर

मुंगी,

मी पत्र लिहितोय याचं तुला नवल वाटेल. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि करू दिलंस तरी मला हवं ते बोलता येत नाही. कागदावर तुला मध्येच तोंड घालता येणार नाही, म्हणून लिहितोय.

तुझ्या ताईला शेवटचा निरोप देऊन घरी आलो त्या दिवशी मी तुला दारातच म्हणालो, "तू आता निघ." लोकांना वाटलं, माणूस दुःखात आहे, बोलतो काहीतरी. दुःख होतंच. पण ते वाक्य दुःखातून आलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात मी मोठ्या रुग्णालयात कागदपत्रं आणायला गेलो. खिडकीवरच्या बाईने ताईची सगळी नोंदच छापून हातात दिली. म्हणाली, "सगळं घेऊन जा काका, परत हेलपाटा नको." आवारातल्या बाकावर बसून वाचलं. निम्मं कळलं नाही. पण एक रकाना साध्या भाषेत होता. 'उपचाराचा हेतू'. त्यापुढे लिहिलं होतं 'आराम देणे'. खाली बारीक अक्षरात: 'आधीच्या रुग्णालयाकडून आलेली माहिती'.

मी परत खिडकीशी गेलो आणि विचारलं, या रकान्यात आणखी काय लिहितात? ती म्हणाली, "दोनच असतात. बरे करणे, नाहीतर आराम देणे."

आपण ताईला एवढ्या लांब नेलं ते बरं करायला. जुन्या डॉक्टरांनी मला एकट्याला बसवून सांगितलं होतं की टप्पा चौथा आहे, पण आपण उपचार करू. मी तेव्हाच त्यांना म्हटलं होतं, टप्प्याचं तिला सांगू नका, दुसरा आहे म्हणा. त्यांनी मान डोलावली. हे तुला ठाऊक आहे, मी तुला लगेच कळवलं होतं. 'उपचार करू' असं ते मला म्हणाले. मग 'आराम' कुठून आला?

तुझं ऑफिस नेमकं हेच काम करतं. कॅन्सरच्या रुग्णाची माहिती एका रुग्णालयातून दुसऱ्यात जाताना सगळ्यांनी एकाच साच्यात भरायची. टप्पा या रकान्यात, औषध त्या रकान्यात, म्हणजे इकडचं यंत्र बोलेल ते तिकडच्या यंत्राला कळतं. तूच जेवणाच्या टेबलावर चमचे मांडून मला हे समजावलं होतंस आणि ताईने एक चमचा पळवून म्हटलं होतं, "आता कळव तिकडे." ताईची नोंद तिकडे तूच पाठवलीस. "भावोजी, मी जातीने लक्ष घालते," असं म्हणाली होतीस.

आणि अजून एक. मोठ्या रुग्णालयात पहिल्या दिवशी तू काउंटरवर वाकून नर्सशी हळू आवाजात बोलत होतीस. मी जवळ आलो आणि दोघी गप्प झालात. नर्सने माझ्याकडे बघितलं ते मला आवडलं नाही.

मला एवढंच कळायला हवं: जुन्या रुग्णालयाने काय लिहिलं होतं, आणि तुमच्या साच्यातून जाताना त्याचं काय झालं? एका रकान्यातली चूक वाचून तिकडच्यांनी ताईला बरं करण्याचा प्रयत्नच केला नसेल, तर ते मला माहीत असलं पाहिजे. दुसरं काही नको.

लोभाचं नंतर बघू.

भावोजी


२१ नोव्हेंबर

मुंगी,

तुझं उत्तर मिळालं. पोस्टकार्डावर मावलं असतं. "भावोजी, रूपांतरात चूक होऊ शकते. तपासते. जेवता ना वेळेवर?"

जेवतो.

मी आयुष्यभर दुकानांतले वजनाचे काटे तपासले. खात्यातले लोक मागून मला 'छटाक' म्हणायचे, हे तुम्हा बहिणींना फार आवडायचं. त्या नोकरीत मी एक शिकलो. ज्याचा काटा खरा असतो, तो मला बघून कुरकुरतो. म्हणतो, "साहेब, आत्ताच कशाला, गिऱ्हाइकं खोळंबलीत." ज्याच्या पारड्याखाली मेण लावलेलं असतं, तो खुर्ची पुढे करतो आणि चहा मागवतो. तुझ्या पत्रात तू माझ्यापुढे खुर्ची केली आहेस.

परवाचा आपला फोन मी पुन्हा पुन्हा आठवला. तू काय म्हणालीस ते लिहून ठेवतो, म्हणजे पुढे तू 'असं नव्हतेच म्हणाले' म्हणणार नाहीस.

मी म्हटलं, "जुन्या रुग्णालयाची मूळ नोंद दाखव."

"मला ती आता उघडता येत नाही."

"तेव्हा उघडलीस."

"तेव्हा ताईची परवानगी होती."

"आता मी देतो."

"तुमची चालत नाही, भावोजी."

"अगं, मी नवरा आहे तिचा!"

"यंत्राला नवरा कळत नाही. यंत्राला रुग्ण कळतो."

"मग यंत्राला सांग, रुग्ण गेला."

मला तुझ्याकडचा पंखा ऐकू येत होता. मग म्हणालीस, "साच्यात सगळं बसत नाही, भावोजी," आणि फोन ठेवलास.

काय बसत नाही? बसलं नाही ते कुठे गेलं? माहिती म्हणजे काही धूर नाही, फटीतून निघून जायला. कोणीतरी ती उचलली असेल किंवा टाकून दिली असेल.

तू ताईची बहीण आहेस, हे विसरलेलो नाही. तुझ्या बोलण्यावर विश्वास ठेवायचा मी प्रयत्न केला. पण काउंटरवरचं ते चित्र मध्ये येतं.

मी आरोग्य माहितीच्या तक्रार समितीकडे अर्ज केला आहे. तो टाईप करून घ्यायला जाताना खालच्या मजल्यावरच्या शिंप्याने जिन्यात अडवलं. त्याला सगळं कळतं, कसं ते देव जाणे. म्हणाला, "मेहुणीवर तक्रार? आता घरात भांडायला कोणी उरलं नाही, म्हणून मेहुणी शोधलीत का?" मी तसाच खाली उतरलो. पण अर्जातून तुझं नाव काढलं आणि फक्त ऑफिसचं ठेवलं. हा माझ्या बाजूने जेवढा होऊ शकला तेवढा विचार.

भावोजी


६ डिसेंबर

मुंगी,

समितीकडून लिफाफा आला. सुनावणी महिनाअखेरीस आहे. सोबत तुझ्या निवेदनाची प्रत जोडली आहे.

मी अर्जातून तुझं नाव काढलं आणि तू ते स्वतःहून परत घातलंस. "रूपांतरादरम्यान चुकीचे मूल्य नोंदले गेले असावे. नोंद मी स्वतः हाताळली. जबाबदारी माझी." खाली समितीची टीप आहे की हे सिद्ध झाल्यास संबंधित कर्मचाऱ्याला कामावरून कमी करण्याची शिफारस होईल.

माझं म्हणणं खरं ठरलं, म्हणजे मला बरं वाटायला हवं होतं. पण ते वाचून मी उठून खिडकी बंद केली. थंडी नव्हती. कोणीतरी बघत असल्यासारखं वाटलं.

तू चूक कबूल करणारी नाहीस. ताई सांगायची, लहानपणी तू कप फोडायचीस आणि तुकडे हातात घेऊन "मी नाही" म्हणायचीस. आमच्या लग्नात माझा बूट तू लपवलास हे अख्ख्या मांडवाने बघितलं होतं, तरी अजून नाकारतेस. अशी बाई एका अर्जावर 'जबाबदारी माझी' लिहून मोकळी होते? वाद नाही, कागद मागवला नाही, 'असावे' या शब्दावर सही?

माझ्या नोकरीत एकदा एका दुकानदाराने मी काटा उचलायच्या आधीच दंडाची पावती मागितली होती. मला तेव्हा कळलं नाही, मी पावती दिली आणि निघालो. नंतर समजलं, मागच्या खोलीत त्याहून मोठी भानगड होती. त्याला मी तिकडे जायला नको होतो.

तुला मी कुठे जायला नको आहे?

तू कोणाला तरी पाठीशी घालते आहेस. तुझ्या वरच्या साहेबाला, नाहीतर जुन्या डॉक्टरांना. साहेब मला माहीत नाही, म्हणून डॉक्टरांकडे जातो. त्यांना आधी कळवू नकोस. कळवलंस तर मला समजेल. त्यांचाही चहा लगेच येईल.

भावोजी


१४ डिसेंबर

मुंगी,

तू डॉक्टरांना कळवलं नव्हतंस. चहा आला नाही. उलट त्यांनी मला ताटकळत ठेवलं आणि शेवटी आत घेतलं तेव्हा ते सफरचंद खात होते. मला बघून ते त्यांनी तसंच खणात ठेवलं.

"नोंद दाखवता येणार नाही," हे त्यांचं पहिलं वाक्य. मी अजून बसलोही नव्हतो.

"दाखवू नका," मी म्हटलं. "उपचाराच्या हेतूपुढे तुम्ही काय लिहिलं होतंत, एवढं तोंडी सांगा."

"आराम देणे."

"तुम्हीच?"

"मीच. माझ्या हाताने."

"मला तर म्हणालात, उपचार करू."

"केले की. दुखणं कमी करणं हाही उपचारच असतो."

मी म्हटलं, मग तुम्ही मला फसवलंत. आवाज चढला असावा, कारण बाहेरची परिचारिका डोकावली. मी तुझं निवेदन त्यांच्यापुढे ठेवलं आणि म्हटलं, तुमच्या लिहिण्यासाठी ही आमच्या घरची मुलगी नोकरी घालवायला निघाली आहे, ते का, हे तरी सांगा. त्यांनी ते दोनदा वाचलं, चष्मा काढला, उठून दार लावलं.

पुढचं मी जसं ऐकलं तसं लिहितो.

"तुम्ही माझ्याकडे आलात आणि म्हणालात, तिला टप्पा सांगू नका. बरोबर?"

"बरोबर."

"त्याच आठवड्यात त्या आल्या. एकट्या. इथेच बसल्या, पर्स मांडीवर घेऊन. म्हणाल्या, 'डॉक्टर, टप्पा कितवा ते खरं सांगा. ह्यांनी तुम्हाला गप्प बसवलंय हे मला कळलंय. माझा नवरा सगळ्या गावाचा खोटेपणा पकडतो, स्वतःचा त्याला दोन मिनिटं लपवता येत नाही.' रुग्णाने सरळ विचारल्यावर मला खोटं बोलता येत नाही. मी सांगितलं. जोरकस औषधाने काय होऊ शकतं, काय होणार नाही, सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, ते नको. दुखू नये एवढं बघा. मग दारापर्यंत गेल्या आणि परत फिरल्या."

"आणि?"

"म्हणाल्या, 'ह्यांना मात्र सांगू नका. ह्यांना वाटू दे की आपण लढतोय. त्यांना काहीतरी करत राहायला लागतं.'"

मी म्हटलं, "मग तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? टिप्पणीत दोन ओळी लिहिल्या. एक: 'पतीची विनंती, रुग्णाला टप्पा सांगू नये.' त्यावर रेघ मारून लिहिलं, 'रुग्णाने स्वतः विचारले, सांगितले.' त्याखाली दुसरी: 'रुग्णाची विनंती, पतीला हेतू सांगू नये.' अहो, तुम्ही दोघांनी मला काय समजलात, पोस्टमन? तो निदान पत्रं पोचवतो तरी. मला दोघांचीही न पोचवता सांभाळायची होती."

मग त्यांनी तुझं सांगितलं. साच्यात रकाने जातात, टिप्पणी जात नाही. टप्पा गेला, औषधं गेली, हेतू गेला, त्या ओळी इथेच राहिल्या. हे तुझ्याच लक्षात आलं. तू त्यांच्याकडे जाऊन म्हणालीस, "मी रकाने पाठवते, पण हे जाणार नाही. तिकडे कोणीतरी भावोजींसमोर बोलून बसेल." ते म्हणाले, मग काय करणार? तू म्हणालीस, "मीच जाते."

म्हणजे काउंटरवर तू ते सांगत होतीस. आणि नंतर प्रत्येक पाळीच्या नर्सला, प्रत्येक नव्या डॉक्टरला. म्हणून तू सारखी तिथे असायचीस. मला वाटायचं, हिला काम नाही का.

निघताना डॉक्टर म्हणाले, "मी आज त्यांना दिलेला शब्द मोडलाय. पण जिवंत माणसाची नोकरी जात असताना गप्प बसणं मला जमलं नसतं."

मी जिना उतरलो. खाली आल्यावर कळलं की मी लिफ्टची वाट बघायच्या रांगेतून निघून जिन्याकडे कधी वळलो ते मला आठवत नाही.

तू समितीपुढे गप्प राहून कामावरून निघून जाणार होतीस. मी विचारलं असतं तरी सांगणार नव्हतीस. बूट लपवण्यापर्यंत ठीक होतं. याला काय म्हणायचं, मला कळत नाही. मूर्ख आहेस, एवढं मात्र नक्की.

तू या पत्राचं उत्तर देऊ नकोस. मला आधी सुनावणीला जाऊ दे.

भावोजी


२ जानेवारी

मुंगी,

सुनावणीनंतर तुझी गाडी चुकू नये म्हणून मी तुला बाकावरून उठवलं. तू विचारलेल्याचं उत्तर लेखी देतो असं म्हणालो होतो, ते देतो. पण त्याआधी दुसरं लिहायचं आहे. ते तुझ्याशिवाय मला कोणाला लिहिता येणार नाही.

तुझ्यावरचा संशय गेला. पण तो कुठे जायला तयार नाही. घरातच राहिला आणि आता हिच्यावर, तुझ्या ताईवर, बसला.

ही मला गाडीत विचारायची, "मी बरी होणार ना हो?" मी म्हणायचो, "होणार म्हणजे? होणारच." ती म्हणायची, "बरं." किती वेळा विचारलं असेल. मला वाटायचं, घाबरली आहे, धीर द्यावा. आता कळतं, तिला उत्तर माहीत होतं, आणि मला उत्तर माहीत आहे हेही माहीत होतं. मग ती का विचारत होती? माझी परीक्षा घेत होती, की मला खरं बोलायची संधी देत होती? मी प्रत्येक वेळी 'होणारच' म्हणालो, आणि तिने प्रत्येक वेळी 'बरं' म्हणून ते ठेवून घेतलं.

आम्ही खिडक्यांना नवे पडदे करायचं ठरवलं होतं. मी स्टुलावर चढून टेप धरली, ती आकडे लिहीत होती. मी खोटं बोलत होतो म्हणून जास्तच उत्साहात होतो. रंगावरून भांडलोसुद्धा. तीही हट्टाने भांडली. ते भांडण खरं होतं का ग? की मला बरं वाटावं म्हणून भांडली?

आणि कपडे धुवायच्या यंत्राची बटणं. एवढ्या वर्षांत मला हात लावू दिला नाही. "तुम्ही पांढऱ्यात रंगीत घालाल." मग अचानक, "आज कंटाळा आलाय, तुम्ही लावा." मग भाजी परतणं. मग दुधाचं. मला वाटलं, औषधाने थकली. ती थकली नव्हती, मला शिकवत होती. मी मात्र वजनमापाचा निरीक्षक! समोर चाललेलं दिसलं नाही.

कधीकधी राग येतो. माझ्या घरात माझ्यापासून लपवलं. मग आठवतं, मीही तेच करत होतो.

सुनावणीतलं तू पाहिलंसच. तरी माझ्या बाजूने सांगतो, कारण तू नंतर हसून हसून त्याची वाट लावलीस. मी ठरवून गेलो होतो की तीन वाक्यं बोलायची. या बाईंचं निवेदन खरं नाही. साच्यात चूक झालेली नाही. माझ्या पत्नीने तसंच सांगितलं होतं. तिसरं वाक्य मी त्याआधी मोठ्याने कधी बोललो नव्हतो. घरात, एकटा असतानाही नाही.

अध्यक्षबाईंनी विचारलं, "मग तुमची तक्रार नेमकी कोणाविरुद्ध आहे?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "पत्नीविरुद्ध."

त्या कोपऱ्यातल्या लेखनिकाने टाईप करता करता, वर न बघता विचारलं, "त्यांचा सध्याचा पत्ता?"

अध्यक्षबाई म्हणाल्या, "अहो, असू दे, ते लिहू नका." मी तुझ्याकडे बघितलं. तू तोंडावर हात दाबून धरला होतास आणि तुझे खांदे हलत होते. मला आधी वाटलं, रडते आहे. मग मलाही आवरलं नाही. एका सरकारी खोलीत, पाच अनोळखी माणसांसमोर, हिच्या जाण्यानंतर मी पहिल्यांदा हसलो, आणि कशावर, तर तिच्या पत्त्यावर. हिला ते आवडलं असतं. हे मात्र मला संशयाशिवाय माहीत आहे.

तुझं निवेदन रद्द झालं, याची प्रत माझ्याकडे आली आहे. तुझ्याकडे आली नसेल तर कळव, मी खेटे घालीन. त्यात मी पटाईत आहे.

आता तुझा प्रश्न. साच्याच्या नव्या आवृत्तीत 'कोणाला काय सांगू नये' असा रकाना घालावा का, म्हणजे पुढे कोणाच्या मेहुणीला काउंटर काउंटर फिरावं लागणार नाही. तुमच्या साहेबांना हे पटलं आहे, पण घरच्या माणसाचं मत हवं आहे, असं तू म्हणालीस.

मी आधी 'नको' लिहिणार होतो. असा रकाना असता तर आमच्या दोन्ही विनंत्या व्यवस्थित पोचल्या असत्या, सगळ्यांनी व्यवस्थित पाळल्या असत्या, आणि मला आजपर्यंत काही कळलं नसतं. गुपितं नीट पोचवण्यासाठी प्रमाण ठरवायचं, हे मला पटेना. मग तुझा विचार केला. त्या सगळ्या पाळ्यांच्या नर्सेसचा केला. आणि एखाद्या दुसऱ्या घरातल्या बाईचा, जिची बहीण ऑफिसात नाही.

तेव्हा घाला. पण त्याला एक नियम जोडा. एकाच घरातल्या दोन माणसांनी हा रकाना एकमेकांसाठी भरला, तर डॉक्टरांनी काही सांगू नये. त्या दोघांना एका खोलीत बसवावं, आणि स्वतः बाहेर येऊन दार ओढून घ्यावं.

यंत्राला हे कसं सांगायचं ते तू बघ.

तुझे भावोजी